पावसाळ्यात डुकराची पिल्लं लंगडायला लागली की नुसती चुनखडी वाढवू नका

पाऊस लागला की शेड बंद, ताडपत्र्या खाली, पिल्लं आठवडेच्या आठवडे उन्हाचं तोंड बघत नाहीत आणि मग दूध तुटलेली दीड-दोन महिन्यांची पिल्लं उठताना कुरकुरतात, सांधे जाड दिसतात, पुढचे पाय वाकतात. मग सगळे एकच करतात, खाद्यात मूठभर चुनखडी पावडर जास्तीची. थांबा जरा.

हाडाला कॅल्शियम लागतं तसा फॉस्फरसही लागतो, आणि दोन्हीचा मेळ बसला तरच हाड पक्कं होतं. कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण सव्वापट ठेवा, दीडपटीच्या वर नको. मक्यात कॅल्शियम जवळपास नसतंच, गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर दिसतो पण त्यातला बराचसा फायटेटमध्ये (दाण्यातलं न पचणारं संयुग) अडकलेला, पिल्लाला तो सुटत नाही. म्हणून नुसत्या मका-कोंड्यावरची पिल्लं पोट भरूनही हाडाने कच्ची राहतात.

११ ते २५ किलोच्या पिल्लाच्या खाद्यात कॅल्शियम ०.७ टक्क्याच्या आसपास लागतं. मका आणि सोयाबीन पेंडीचं १०० किलो खाद्य बनवत असाल तर डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट पावडर) सव्वा किलो आणि चुनखडी पावडर ९०० ग्रॅम, एवढ्यात हिशोब जमतो. चुनखडीत ३८ टक्के कॅल्शियम असतं पण फॉस्फरस नाही, डीसीपीत दोन्ही, म्हणून दोघं लागतात. तयार फीड किंवा मिनरल मिक्स्चर घालत असाल तर आधी पिशवीवरचे आकडे बघा, त्यात असलेलं वजा करा, नाहीतर डबल होतं. आणि पानाला लावायचा चुना किंवा कळीचा चुना अजिबात नको, तोंड-आतडं भाजतं.

जास्त झालं तर काय बिघडतं? एक तर कॅल्शियम जस्ताला अडवतं, कातडी खरखरीत होऊन खपल्या धरतात आणि आपण खरूज समजून औषध लावत बसतो. दुसरं म्हणजे नुकतं दूध तुटलेल्या पिल्लाच्या पोटात आम्ल मुळातच कमी, चुनखडी ते आणखी मारते, खाद्य नीट पचत नाही आणि हगवण लागते. पावसाळ्यात हगवण म्हणजे काय ते सांगायला नको.

उघडीप मिळाली की ताडपत्री वर करा, पिल्लं उन्हात सोडा. उन्हाने अंगात तयार होणारं व्हिटॅमिन डी नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून नीट उचललंच जात नाही, आणि काचेतून किंवा प्लास्टिकच्या पत्र्यातून आलेला उजेड त्या कामाचा नाही. ऊन नसेलच तर व्हिटॅमिन डी३ असलेलं प्रीमिक्स (खाद्यात मिसळायची तयार व्हिटॅमिन पावडर) खाद्यात हवंच. हाडांचा चुरा वापरायचा असेल तर वाफवलेलाच, कच्ची हाडं टाकली तर आजार स्वतःच्या हाताने शेडमध्ये आणल्यासारखं होतं.

एक मात्र बघा, एकच सांधा सुजलाय, हाताला गरम लागतोय, पिल्लू खात नाही, अंग तापलंय, तर तो संसर्ग असू शकतो, तिथे खाद्य बदलण्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. आणि ओल्या निसरड्या फरशीवर घसरून लंगडणारीही असतात, ती वेगळी, त्यांच्या खाली आधी कोरडा भुसा टाका.