बूम पंपात माल बसतो तेव्हा: या चुका टाळा

बूम पंप म्हणजे घडीच्या लांब हातावरच्या (बूम) पाइपलाइनीतून काँक्रीट, म्हणजे आमचा 'माल', पोचवणारा पंप. ती लाइन जाम झाली की ऑपरेटर आधी सिमेंटला नावं ठेवतो, मग उन्हाला, मग प्लांटला. मी उघडलेल्या बहुतेक जाम लाइनींमध्ये कारण वेगळंच निघालं. थांबलेला माल काढून टाकायचा निर्णय कुणी वेळेवर घेतलेलाच नव्हता.

'पुढची गाडी निघालीय'

हे वाक्य ऐकून थांबणं ही सगळ्यात महागाची चूक. मीही ती केली आहे. स्लॅब अर्ध्यावर, बूम पूर्ण पसरलेला, दुपारचं ऊन, लाइन भरलेली आणि पुढची मिक्सर गाडी रस्त्यात अडकलेली. दर दहा मिनिटांनी फोनवर तेच उत्तर. लाइन रिकामी केली तर माल वाया जाईल आणि बोलणी खावी लागतील, म्हणून मी गप्प राहिलो. हॉपरमधलं (गाडीतला माल ज्यात पडतो ती पंपाची टाकी) ॲजिटेटर, म्हणजे माल ढवळणारं पातं, फिरत होतं, तेवढ्यावर समाधान मानलं. पण ॲजिटेटर हॉपरमधलाच माल हलवतं. बूमवरच्या तापलेल्या पाइपात माल जागच्या जागी आवळत चालला होता.

तासाभराने गाडी आली. पंप पुढे चालवला, दाबाचा काटा सरसर वर गेला आणि होजमधून, म्हणजे टोकाच्या रबरी नळीतून, काहीच आलं नाही. तिथेच रिव्हर्स घ्यायला, म्हणजे पंप उलटा चालवायला, हवा होता. मी दाब वाढवत राहिलो. अशा वेळी दाबाने सिमेंटचं पाणी पुढे पिळून निघतं आणि मागे उरलेली खडी-वाळू एकमेकांत रुतते. जो माल कदाचित सुटला असता, तो मी स्वतः ठोकून बसवला.

मग बूम खाली घेऊन एकेक पाइप उतरवला. १२५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे साधारण ३० किलो माल असतो, पाइपाचं वजन वेगळं. काही सरळ पाइप छन्नी-हातोड्याने मोकळे झाले, एल्बो, म्हणजे वळणाचे पाइप, सगळे भंगारात गेले. एस-व्हॉल्व्हमधला (हॉपरमधली एस आकाराची फिरती नळी, जी सिलिंडर आळीपाळीने लाइनला जोडते) माल फोडण्यात दोन दिवस गेले.

तेव्हापासून गाडी रिकामी होऊन गेली की मी घड्याळ बघतो. दर पाच मिनिटांनी दोन स्ट्रोक (पिस्टनचे फेरे) मागे, दोन पुढे. हॉपरमध्ये माल एस-व्हॉल्व्हच्या वर राहील एवढा राखतो, नाहीतर पंप हवा ओढतो. अर्ध्या तासात पुढची गाडी स्वतःच्या डोळ्यांना दिसली नाही तर लाइन मागे ओढून रिकामी करतो, कडक उन्हात वीस मिनिटांतच. कुणाची परवानगी मागत नाही.

दाब असताना क्लॅम्प खोलणं

नव्या पोरांना इथे फार घाई असते. लाइन अडकली की घण घेऊन धावतात. अडकलेल्या लाइनीत दाब कोंडलेला असतो. आधी दोन-तीन स्ट्रोक रिव्हर्स, मग काटा खाली आल्याची खात्री, मग पंप बंद, आणि त्यानंतरच पाइपांचा सांधा धरणारा क्लॅम्प, तोही तोंड बाजूला ठेवून. हातोडीने हलकं ठोकलं की रिकामा पाइप खणखणतो, भरलेला बद्द आवाज देतो. जागा शोधायला एवढं पुरतं. झिजलेल्या पाइपावर घण घातला तर पोचा पडतो आणि पुढे कधीतरी तो तिथेच फुटतो.

अडथळा सुटल्यावर पहिल्या स्ट्रोकला होजजवळ कुणालाही उभं राहू देऊ नका. आत कोंडलेली हवा सुटते तेव्हा होज चाबकासारखा फिरतो. मी एका माणसाला त्याने आडवं पडताना पाहिलं आहे. तो वाचला, पण पुन्हा साइटवर आला नाही.

अडकलेल्या लाइनीत कंप्रेसरची हवा सोडणं तर मला बघवत नाही. माल सुटला तर गोळ्यासारखा बाहेर येतो. मी स्पंज बॉल होजच्या तोंडातून घालून रिव्हर्सने हॉपरकडे ओढतो. वेळ लागतो, लागू दे.

बाकीच्या, थोडक्यात

हॉपरमध्ये पाणी ओतून माल पातळ करू नका. खडी आणि सिमेंट वेगळं होतं आणि लाइन आणखी लवकर अडकते.

साखर टाकली की सिमेंटचं बसणं लांबतं, हे खरं आहे. पण बसलेल्या मालावर तिचा उपयोग शून्य, आणि साखर घातलेला माल स्लॅबमध्ये जाता कामा नये.

बसलेला माल काढायला ॲसिड ओतलं तर सिलिंडरचा क्रोम मुलामा आणि सील जातात. मी छन्नीच वापरतो.

हॉपरची जाळी उघडून हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी ॲक्युम्युलेटरमधल्या (तेलाचा दाब साठवणारी टाकी) दाबाने एस-व्हॉल्व्ह एकदा फिरू शकतो, आणि त्या एकदात हात जातो. तो दाब आधी सोडा.

लाइन ओली करायला सुरुवातीला सोडायची सिमेंट स्लरी (पातळ घोळ) वाचवू नका. कोरडा पाइप पहिल्याच मालातलं सिमेंटचं पाणी ओढून घेतो.

क्लॅम्पमधून पाणी झिरपत असेल तर रबर लगेच बदला. त्या सांध्यापाशीच माल कोरडा पडून बसतो.

काम संपल्यावर वॉटर बॉक्सचं (पिस्टनमागची पाण्याची पेटी) झाकण उघडून बघा. पाण्यात सिमेंटचा गाळ दिसला तर पिस्टनचे रबर गेलेत. ते बदलेपर्यंत मी दुसऱ्या दिवशीचं काम घेत नाही.