बाळाच्या टाचेचं रक्त कार्डावर घेताना

जन्मजात आजारांच्या तपासणीसाठी नमुना बाळ ४८ ते ७२ तासांचं असताना घ्यावा. पहिल्या २४ तासांत टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) मुळातच चढलेलं असतं, त्यामुळे रिपोर्ट खोटाच वाईट येतो आणि आईबाप उगाच धास्तावतात. बाळाला रक्त चढवायचं असेल, तर कार्डावर (वर्तुळं छापलेला टिपकागद) नमुना आधी घ्या.

टाच कोमट ओल्या कापडानं ३ ते ५ मिनिटं शेका. स्पिरिट लावून पूर्ण सुकू द्या. घाई केली की नमुना इथंच बिघडतो. लॅन्सेट (टोचायचं बारीक पातं) टाचेच्या कडेला, २ मिमीपेक्षा खोल नाही; मागच्या गोलाईवर हाड जवळ असतं. पहिला थेंब पुसा. दुसरा चांगला मोठा होऊ द्या, कागदाच्या एकाच बाजूनं टेकवा. वर्तुळ मागच्या बाजूलाही तेवढंच भिजलं पाहिजे. थेंबावर थेंब नको, पिळापिळी तर नकोच.

कार्ड सावलीत आडवं ठेवून किमान ३ तास सुकवा. नाशिकच्या पावसाळ्यात ४ धरा. डाग लाल न राहता तपकिरी झाला की सिलिका जेलच्या पुडीसह पाकिटात घाला. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत पाकीट तापलं, तर जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं एन्झाइम) मंदावतं आणि धडधाकट बाळाचा रिपोर्ट वाईट येतो. शनिवारी शक्यतो पाठवू नका.