टेलिमेट्री ब्रोकर की पॅकेट ब्रोकर : तुलनेचा तक्ता भरण्याआधीची तयारी

नेटवर्कच्या देखरेखीसाठी ब्रोकर घ्यायचे ठरले की उत्पादनांची माहितीपत्रके समोर येतात आणि लगेच तुलनेचा तक्ता आखला जातो. माझ्या मते हा तक्ता सर्वांत शेवटी भरावा, कारण त्यातील बऱ्याच रकान्यांची उत्तरे उत्पादकाकडे नसून आपल्याच नेटवर्कमध्ये असतात. शिवाय दोघांच्या नावात ब्रोकर असला तरी ते एकाच मालाचे दलाल नव्हेत. पॅकेट ब्रोकरकडे तारेवरून जाणाऱ्या प्रत्यक्ष पॅकेट्सच्या प्रती येतात आणि तो त्या गाळून, एकत्र करून किंवा वाटून विश्लेषण करणाऱ्या साधनांकडे पाठवतो. टेलिमेट्री ब्रोकरकडे राउटर, स्विच आणि फायरवॉल यांनी त्याच वाहतुकीविषयी लिहिलेल्या नोंदी येतात, म्हणजे नेटफ्लो व आयपीफिक्स (कोण कोणाशी किती बोलले याच्या, म्हणजे फ्लोच्या नोंदी), सिसलॉग (उपकरणांतील घडामोडींचे संदेश), एसएनएमपी ट्रॅप (उपकरणाने आपणहून दिलेल्या सूचना) वगैरे. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर एकाच्या हाती टपालाच्या छायाप्रती असतात आणि दुसऱ्याच्या हाती आवक-जावक नोंदवही.

म्हणून पहिली यादी उत्पादनांची नसावी, प्रश्नांची असावी. देखरेख करणाऱ्या आणि सुरक्षा पाहणाऱ्या मंडळींनी गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष विचारलेले प्रश्न लिहून काढावेत आणि प्रत्येकापुढे त्याचे उत्तर नोंदीतून मिळते की पॅकेटमधूनच मिळते, हे मांडावे. कोणता सर्व्हर कोणाशी, केव्हा आणि किती बोलला, हे फ्लोच्या नोंदीत सापडते; एखाद्या विनंतीचे उत्तर नेमके कोणत्या टप्प्यावर अडले किंवा डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) उत्तरात कोणता पत्ता परत आला, हे सहसा पॅकेट पाहिल्याशिवाय कळत नाही. ही यादी प्रामाणिकपणे केली, तर पॅकेट खरोखर कोणत्या मोजक्या ठिकाणी लागतात ते दिसू लागते आणि सगळीकडे टॅप (तारेवरील वाहतुकीची प्रत काढणारे उपकरण) बसवण्याचा बेत बहुधा तिथेच आटोपतो.

त्यानंतर माल घेणाऱ्या साधनांची नोंद करावी. सुरिकाटा किंवा झीकसारख्या, वाहतूक तपासणाऱ्या सुरक्षा-साधनांना पॅकेट्स हवी असतात, फ्लो कलेक्टरला (फ्लो गोळा करणाऱ्या साधनाला) नोंदी हव्या असतात, लॉग साठवणाऱ्या प्रणालीला सिसलॉग हवा असतो. फ्लो घेणाऱ्या प्रत्येक साधनापुढे त्याला कोणती आवृत्ती समजते तेही लिहावे. नेटफ्लोच्या पाचव्या आवृत्तीचा आराखडा ठरावीक असून तिच्यात फक्त आयपीव्ही४ मावते. २००४ साली आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) ३९५४मध्ये नोंदवलेली नववी आवृत्ती आणि २०१३च्या आरएफसी ७०११मधील आयपीफिक्स या दोन्ही साच्यांवर चालतात, म्हणजे नोंदीत कोणते रकाने आहेत हे उपकरण साच्यातून आधी कळवते. एखादे जुने साधन पाचव्या आवृत्तीवरच अडलेले असेल, तर आयपीव्ही६ची वाहतूक त्याला दिसणारच नाही आणि कोणताही ब्रोकर ही उणीव भरून काढू शकणार नाही.

आता आकडेमोड, आणि इथे घाई करू नये. १० गिगाबिटची एक जोडणी एका दिशेने पूर्ण भरलेली असेल तर सेकंदाला १.२५ गिगाबाइट, म्हणजे दिवसाला १०८ टेराबाइट एवढी पॅकेट्स होतात. त्याच जोडणीवर सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेम आल्या, तर एका दिशेने सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट्स येतात. त्यामुळे ब्रोकरची आणि त्यामागच्या साधनाची क्षमता गिगाबिटमध्ये विचारून भागत नाही, ती पॅकेट्सच्या संख्येतही विचारावी लागते. याउलट सेकंदाला १०,००० फ्लो नोंदी निघतात असे धरले, तर पाचव्या आवृत्तीतील ४८ बाइटच्या नोंदीप्रमाणे सेकंदाला ४,८०,००० बाइट, म्हणजे दिवसाला साधारण ४१ गिगाबाइट होतात आणि चार ठिकाणी प्रती पाठवल्या तरी हा भार सेकंदाला १६ मेगाबिटच्या आसपास राहतो. दोन्हींच्या खर्चातील तफावत मुख्यतः इथून येते. आपल्या नेटवर्कचे आकडे किमान एक पूर्ण आठवडा मोजावेत आणि सरासरीबरोबर शिखरही टिपून ठेवावे, कारण रात्रीच्या बॅकअपची वेळ सरासरीत दिसत नाही.

पॅकेट ब्रोकरचा विचार असेल तर पॅकेट्स कुठून उचलायची, हे आधी ठरवावे लागते. स्पॅन पोर्ट (वाहतुकीची प्रत देणारा स्विचचा पोर्ट) फुकटात मिळतो म्हणून मोह होतो, परंतु १० गिगाबिटच्या जोडणीच्या दोन्ही दिशा मिळून २० गिगाबिट होऊ शकतात आणि १० गिगाबिटच्या स्पॅन पोर्टमध्ये मावत नाही ते मुकाट्याने टाकून दिले जाते. बिघडलेल्या फ्रेमही स्विच सहसा पुढे पाठवत नाही, त्यामुळे खराब केबलचा शोध घेताना नेमका पुरावाच गायब असतो. ऑप्टिकल टॅपमध्ये ही अडचण नसते, पण तिथे प्रकाशाचा हिशेब करावा लागतो. ५०:५० विभागणीत प्रत्येक बाजूला तत्त्वतः ३ डेसिबलची घट होते. ७०:३०मध्ये मूळ जोडणीला सुमारे १.५ आणि देखरेखीच्या बाजूला सुमारे ५.२ डेसिबलची घट सोसावी लागते, आणि जोडांमुळे होणारी घट वेगळीच. प्रत्येक जोडणीची सध्याची प्रकाशपातळी मोजून लिहून ठेवावी. टॅप बसवताना ती जोडणी काही क्षण तोडावी लागते, म्हणून देखभालीची वेळही आताच मागून घ्यावी.

उत्पादनांच्या पत्रकांत प्रती काढून टाकणे, पॅकेट छाटणे, बाहेरचे आवरण सोलणे अशा सोयींची लांबलचक यादी असते. त्यातली आपल्याला कोणती लागणार, हे प्रश्नांच्या पहिल्या यादीवरून ठरवावे. एकच पॅकेट दोन-तीन टॅपवरून येत असेल तर पुनरावृत्ती काढणे जवळजवळ अपरिहार्य आहे. व्हीएक्सलॅनचे (एका नेटवर्कवरून दुसरे आभासी नेटवर्क नेणाऱ्या पद्धतीचे) आवरण ज्या साधनाला उलगडत नाही त्याच्यासाठी ते ब्रोकरनेच काढावे. भार अनेक साधनांत वाटायचा असेल, तर एका संभाषणाच्या दोन्ही दिशा एकाच साधनाकडे जातात का, हे आवर्जून विचारावे. जात नसतील तर घुसखोरी ओळखणारे साधन अर्धवट संभाषण ऐकत बसेल. छाटणीचा उपयोग केवळ जागा वाचवण्यापुरता नाही. पॅकेटच्या पोटात लोकांची खासगी माहिती असते, त्यामुळे कोणत्या साधनाकडे पूर्ण पॅकेट जावे आणि कोणाकडे फक्त शीर्षभाग, याला संस्थेतील जबाबदार व्यक्तीची लेखी संमती असावी.

कूटबद्ध वाहतुकीचा मुद्दा टाळून तुलना करणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. २०१८च्या आरएफसी ८४४६मधील टीएलएस १.३ने (वाहतूक कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीच्या आवृत्तीने) स्थिर आरएसए चावीची जुनी देवाणघेवाण काढून टाकली. त्यामुळे सर्व्हरची खासगी चावी ब्रोकरला देऊन बाजूला बसून वाहतूक उलगडण्याचा मार्ग तिथे बंद झाला. आता एकतर मार्गात उभे राहून उलगडावे लागते किंवा सत्राच्या चाव्या टोकाकडूनच मिळवाव्या लागतात. आपली किती वाहतूक अशी आहे हे मोजल्यावर काही जोडण्यांबाबत असे दिसते की महागडी पॅकेट्स घेऊनही हाती मुख्यतः पत्ते, पोर्ट आणि वेळाच उरतात, आणि त्या तर फ्लोमध्येही मिळतात.

टेलिमेट्री ब्रोकर दिसायला सोपा असतो. उपकरणांनी एकाच पत्त्यावर नोंदी पाठवाव्यात आणि त्याने त्या हव्या तितक्या ठिकाणी वाटाव्यात, एवढेच त्याचे काम वाटते. पण नोंद नेमकी कोणत्या उपकरणाची आहे हे अनेक कलेक्टर पॅकेटच्या मूळ पत्त्यावरून ओळखतात, म्हणून ब्रोकरला तो पत्ता जसाच्या तसा ठेवून प्रत पाठवावी लागते. वाटेतील राउटर उलट मार्ग तपासून असे पॅकेट बनावट ठरवत असेल, तर ते तिथेच गळते आणि ब्रोकरच्या पडद्यावर मात्र सारे हिरवे दिसते. वाटेतील अशा तपासण्यांची यादी आधीच करावी. नववी आवृत्ती आणि आयपीफिक्स यांचा साचा ठरावीक काळाने येत असतो. एका उपकरणाचा साचा एका कलेक्टरकडे आणि नोंदी दुसऱ्याकडे गेल्या, तर दुसऱ्याला त्यांतले काहीच वाचता येत नाही, म्हणून वाटणी उपकरणनिहाय होते याची खात्री करावी. उपकरणांवरील सक्रिय मुदतही, म्हणजे चालू संभाषणाची नोंद किती वेळाने पाठवायची ती मर्यादा, तपासावी. ती ३० मिनिटांवर राहिलेली असेल, तर तासभर चाललेल्या एका संभाषणाची पहिली बातमीच अर्ध्या तासाने पोहोचते.

सगळीच टेलिमेट्री यूडीपीवरून (पोच न मागता पाठवण्याच्या पद्धतीने) येत नाही, ही गोष्ट अनेकदा चाचणीच्या दिवशी लक्षात येते. टीएलएसवरचा सिसलॉग ब्रोकरपाशीच संपतो आणि तिथून त्याला नवी जोडणी करावी लागते. जीएनएमआयची (उपकरणाकडून सतत आकडे मागवण्याच्या पद्धतीची) वर्गणी टीसीपीवर, म्हणजे दोन टोकांत जोडणी बांधून, चालते, तिची नुसती नक्कल करता येत नाही. एसएनएमपीच्या इन्फॉर्म संदेशाला तर पोच द्यावी लागते, मग चार प्रती गेल्यावर पोच कोणी द्यायची, असा पेच पडतो. प्रत्येक प्रवाहापुढे त्याची वाहतूकपद्धत लिहावी. क्लाउडमधील नोंदींचा वेगळा रकाना करावा. अ‍ॅमेझॉनच्या व्हीपीसी फ्लो लॉगमध्ये (क्लाउडमधील खासगी नेटवर्कच्या फ्लो नोंदींमध्ये) संकलनाचा नेहमीचा कालावधी १० मिनिटे असतो, तो १ मिनिटावर आणता येतो, आणि अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरकडे जाणारी वाहतूक त्यात नसते. असे लॉग आयपीफिक्समध्ये बदलून देण्याची सोय काही ब्रोकरमध्ये आहे, पण मुळात नसलेली माहिती भाषांतराने येत नाही.

एवढे हाती आल्यावर नावे मांडावीत. पॅकेटच्या बाजूला गिगामॉन, कीसाइट, अरिस्टा, नेटस्काउट यांची उत्पादने येतात. टेलिमेट्रीच्या बाजूला सिस्को टेलिमेट्री ब्रोकर येतो, आणि केवळ यूडीपीच्या प्रती वाटायच्या असतील तर सॅम्प्लिकेटरसारखे छोटे मुक्त साधनही पुरते. परवाना पोर्टवर आहे, वेगावर आहे की दिवसाच्या गिगाबाइटवर, हे विचारून आपल्या शिखराच्या आकड्याने गुणून पाहावे.

चाचणीत एकच गोष्ट कसून तपासावी, ती म्हणजे गळती. फ्लोच्या प्रत्येक संदेशात क्रमांक असतो; नवव्या आवृत्तीत तो संदेश मोजतो, आयपीफिक्समध्ये नोंदी मोजतो. उपकरणाने पाठवलेले आणि कलेक्टरला मिळालेले आकडे शेजारी ठेवून फरक काढावा, आणि लिनक्सवर चालणाऱ्या ब्रोकरचे यूडीपी बफर भरून पॅकेट्स गळतात का, तेही पाहावे. पॅकेटच्या बाजूने हेच काम टॅपवरचे, ब्रोकरवरचे आणि साधनावरचे गणक जुळवून करावे.

टेलिमेट्री ब्रोकर बसवताना जुन्या कलेक्टरचा पत्ताच ब्रोकरला देऊन कलेक्टरला नवा पत्ता देता येतो. मग एकाही राउटरच्या मांडणीला हात लावावा लागत नाही, आणि काही बिनसले तर पत्ते पूर्ववत केले की जुनी व्यवस्था लगेच चालू होते. त्यासाठी दोघे एकाच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या एकाच भागात) हवेत आणि फायरवॉलच्या नियमांत कलेक्टरचा नवा पत्ता आदल्या दिवशीच घातलेला हवा.