चिपीहून विमान पकडायचं असेल तर

तिकिटावर तीन अक्षरं बघा, एसडीडब्ल्यू. हे आपलं चिपी, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळ. जीओएक्स दिसलं तर ते गोव्यातलं मोपा. परुळ्यातल्या आमच्या घरी दोन खोल्या पाहुण्यांना देते, त्यातल्याच एका जोडप्याने स्वस्तात मिळालं म्हणून न बघता मोपाचं तिकीट काढलं आणि उतरल्यावर मला फोन, "काकू, रिक्षा पाठवा ना." आता परुळ्याची रिक्षा गोव्यात कोण धाडणार?

9 ऑक्टोबर 2021 ला इथून पहिलं प्रवासी विमान उडालं, मुंबईचं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, अडीच हजार मीटरची धावपट्टी झाली, पण विमानं मोजकीच. मार्ग सुरू होतात, बंदही पडतात. म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या वेळापत्रकावर जाऊ नका, कंपनीच्या साइटवर त्या दिवसाचं विमान बघा. तिकीट काढताना मोबाइल नंबर स्वतःचाच द्या, भाच्याचा नको. वेळ बदलल्याचा मेसेज त्याच नंबरवर येतो, आणि भाचा झोपलेला असतो.

निघायच्या आधी एकदा फोनवर खात्री करा, पावसाळ्यात तर दोनदा. सड्यावर ढग खाली उतरले की समोरचा माड दिसत नाही, मग वैमानिकाला धावपट्टी काय दिसणार! मागच्या आषाढात आम्ही सासूबाईंना घेऊन विमानतळावर आत बसलो होतो. विमान वर घरघरलं, सगळे उठून उभे राहिले, आणि ते परत गेलं. रद्द झालं तर कंपनीने दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे द्यायचे असतात, ते मागून घ्या. पण मुक्कामाला पोचायचंच असेल तर कुडाळ स्टेशन गाठा. मुंबईकडे जाणाऱ्यांना संध्याकाळी कोकणकन्या, तुतारी आहेत. आरक्षण मिळेलच असं नाही, गणपतीत तर विसराच.

कुडाळहून पाट-परुळे मार्गे पाऊण तास धरा, वेंगुर्ल्याहून म्हापणवरून या, मालवणवाल्यांना कर्लीचा पूल आहे. रिक्षा आदल्या दिवशी सांगून ठेवा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तेव्हा दोन तास आधी पोचलेलं बरं. लहान विमानतळ म्हणून कोणी थांबत नाही.

आता सामान, कारण आमच्या माणसांचा घोळ तिथेच होतो. घरीच काट्यावर वजन करा. आम्ही तोंडली-भाजीचा ताणकाटा वापरतो, हुकाला बॅग अडकवायची. तिकिटावर लिहिलंय त्याच्या एक किलो खालीच ठेवा. कोकमाचं आगळ बॅगेतून जातं, पण बाटली गळ्यापर्यंत भरू नका. बुचाखाली प्लास्टिकचा तुकडा, वर चिकटपट्टी, मग पिशवी, मग जुन्या लुंगीत गुंडाळा. लोणचंही मोठ्या बॅगेत, हातात नाही. सुक्या बांगड्याचं आधी कंपनीला विचारा. वास सुटला तर घेत नाहीत, आणि त्यांची चूक नाही. सुकं खोबरं मात्र नेऊच नका. तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत धरतात. सासूबाईंच्या बॅगेतून दोन किलो वाट्या निघाल्या तेव्हा त्या काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, "माज्या खोबऱ्यान तुमचा काय घोडा मारल्यान गे?" मुलगी हसली, पण वाट्या आमच्याकडेच परत आल्या.

म्हातारं माणूस असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगा. इथे बहुतेक पंख्यांची एटीआर विमानं येतात, सत्तर-बहात्तर खुर्च्यांची. चालत जायचं, मागच्या दारातून चढायचं. पायऱ्या पाच-सहाच, गुडघ्यांना झेपतात. वरचा कप्पा अरुंद, फुगलेली सॅक बसत नाही. पंख्याजवळच्या खुर्च्यांत आवाज फार, म्हणून शेपटाकडची जागा मागा. पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं. वजन सारखं करायला कुणाला जागा बदलायला सांगितली तर घाबरू नका, लहान विमानात तसं होतं.

सासूबाई पुढच्या खेपेला पोचल्या पुण्याला. त्या खोबऱ्याची चटणी करून आम्ही महिनाभर खाल्ली.