टेलनेटचा क्लायंट स्वतः लिहून बघा

नेटवर्किंगच्या पेपरला मला चांगले मार्क होते. पण सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅमचं नेटवर्क जोडणीतलं टोक, नेमकं काय असतं, हे कळलं कर्वेनगरच्या कॉट बेसिसच्या खोलीत, दोन जुने लॅपटॉप केबलने जोडून टेलनेटचा (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची जुनी पद्धत) क्लायंट, म्हणजे आपल्या बाजूचा प्रोग्रॅम, लिहायला बसलो तेव्हा. पुण्यात शिकायला किंवा पहिल्या नोकरीसाठी आलेली मुलं प्रोजेक्टचं विचारतात, तेव्हा मी हाच सुचवतो. सी येत असेल तर सीमध्ये, नाहीतर पायथनमध्ये.

सुरुवात सोपी आहे. सर्व्हरच्या पोर्ट २३ ला, म्हणजे टेलनेटच्या ठरलेल्या दाराला, कनेक्ट व्हायचं, येईल ते छापायचं. मी तेवढंच केलं आणि स्क्रीनवर चार-पाच विचित्र चिन्हं येऊन सगळं थांबलं. लॉगिन काही येईना. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी आलेला प्रत्येक बाइट आकड्यात छापला: २५५ २५३ २४, २५५ २५३ ३२... मग १९८३ चा आरएफसी ८५४, म्हणजे टेलनेटच्या नियमांचा दस्तऐवज, उघडला. २५५ म्हणजे 'आता हुकूम येतोय', २५३ म्हणजे 'तू हे कर', आणि २४ म्हणजे टर्मिनलचा प्रकार. सर्व्हर मला प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसला होता! प्रत्येक प्रश्नाला २५५ २५२, म्हणजे 'नाही करणार', आणि त्यापुढे तोच क्रमांक असं उत्तर पाठवलं, आणि 'लॉगिन' उमटलं. तो आनंद मला अजून आठवतो.

इथे एक गोष्ट जपा. एका रीडमध्ये हुकूम पूर्ण येईलच असं नाही. २५५ या रीडमध्ये आणि २५३ पुढच्या रीडमध्ये, असंही होतं. म्हणून आपण कुठवर वाचलंय ते एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचं आणि एकेक बाइट पुढे सरकायचं.

कीबोर्ड आणि सॉकेट दोन्हीकडे एकाच वेळी लक्ष ठेवायला ऑपरेटिंग सिस्टिमचं सिलेक्ट किंवा पोल हे फंक्शन पुरतं, थ्रेड नकोत. टर्मिनल रॉ मोडमध्ये (दाबलेली प्रत्येक कळ जशीच्या तशी लगेच प्रोग्रॅमला मिळते) टाकायचं, पण त्याआधी जुनी सेटिंग्ज जपून ठेवायची आणि बाहेर पडताना परत लावायची. रॉ मोडमध्ये कंट्रोल-सीसुद्धा पलीकडे जातो, त्यामुळे बाहेर पडायला वेगळी कळ राखून ठेवा. 'एलएस' टाइप केल्यावर अक्षरं दोनदा दिसली, तर सर्व्हर आणि तुमचं टर्मिनल दोघंही एको करताहेत, म्हणजे टाइप केलेलं परत दाखवताहेत. सर्व्हरने 'मी एको करतो' म्हटलं, म्हणजे २५५ २५१ १ आलं, की २५५ २५३ १ ने होकार द्या आणि आपला एको बंद ठेवा.

क्लायंट चालू लागल्यावर दुसऱ्या खिडकीत टीसीपीडम्प, म्हणजे नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम, लावला आणि रूममेटला लॉगिन करायला सांगितलं. त्याच्या स्क्रीनवर पासवर्ड दिसत नव्हता, कारण सर्व्हर ती अक्षरं परत पाठवत नव्हता, एवढंच. माझ्या खिडकीत मात्र एकेक अक्षर उघडं पडत होतं. तो माझ्याकडे बघतच राहिला. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात तातू यलोनेन यांनी एसएसएच (टेलनेटसारखंच लॉगिन, पण सगळं एन्क्रिप्ट करून) लिहिलं ते अशीच पासवर्डचोरी झाल्यावर, हे त्या रात्री खऱ्या अर्थाने पोचलं.

पुढची पायरी एसएसएच, पण त्याचं एन्क्रिप्शन स्वतः लिहू नका. सीसाठी लिबएसएसएच-२ किंवा पायथनसाठी पॅरामिको ही तयार लायब्ररी घ्या, आणि सर्व्हरची होस्ट की, म्हणजे त्याची ओळख पटवणारी किल्ली, तपासणारा भाग गाळू नका. आणि टेलनेटचा सर्व्हर फक्त आपल्याच दोन मशीनवर चालवा, कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर अजिबात नाही.