आरव्ही की हॉटेल: स्वस्त काय पडेल ते निघायच्या आधीच कसं काढायचं

आरव्हीने, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटरहोमने, फिरणं हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं का असं कुणी विचारलं की दोनच उत्तरं कानावर येतात. एक म्हणजे "घरच बरोबर असतं, राहण्याखाण्याचा खर्चच नाही" आणि दुसरं "इंधन पिते ती, नादी लागू नका". दोन्ही उत्तरं देणाऱ्यांनी हिशोब मांडलेला नसतो आणि मला आता त्याचा खरंच वैताग येतो, कारण असल्या सल्ल्यावर लोक आठ-दहा दिवसांची सुट्टी आणि वर्षभराची बचत पणाला लावतात. मी भाड्याच्या आरव्हीने बऱ्याचदा फिरलोय, कधी आम्ही दोघंच, कधी मुलं आणि आई-बाबा सगळे मिळून, आणि दर वेळी बुकिंगच्या आधी एक कागद घेऊन बसतो. तो कागद कसा भरायचा ते सांगतो, तासाभराचं काम आहे.

एक गोष्ट आधी पक्की करा. हॉटेलचा खर्च रात्री आणि खोल्यांवर वाढतो, आरव्हीचा खर्च किलोमीटरवर वाढतो. पुढचं सगळं यातूनच निघतं.

पहिलं काम: कागदाच्या दोन्ही बाजू पूर्ण भरा

सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे "हॉटेलच्या खोलीचं भाडं बघ, आरव्हीचं एका रात्रीचं भाडं बघ, जे कमी ते घे". अहो, आरव्ही म्हणजे गाडीची गाडी आणि खोलीची खोली, मग तिची तुलना नुसत्या खोलीशी कशी होईल? हॉटेलच्या बाजूला खोली, भाड्याची कार, कारचं इंधन, पार्किंग आणि बाहेरचं जेवण हे सगळं लिहायचं. आरव्हीच्या बाजूला भाडं, इंधन, जादा किलोमीटरचा आकार, रात्री उभं राहायच्या जागेचं भाडं, जनरेटरचे तास, आणि ते एकदाच लागणारे आकार, म्हणजे साफसफाई, गॅस, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूणाचा सेट. हे शेवटचे आकार जाहिरातीतल्या रेटमध्ये सहसा नसतात, बुकिंगच्या शेवटच्या पानावर उगवतात, तेव्हा शेवटच्या पानापर्यंत जाऊनच आकडा उतरवा. घरची कार घेऊन जाणार असाल तर हॉटेलच्या बाजूचं कारभाडं खोडा, आणि एवढ्या एका ओळीने कित्येकदा निकाल फिरतो.

दुसरं: गाडी किती मोठी

जेवढी माणसं तेवढ्या झोपायच्या जागा, त्याहून मोठी नको. उत्तर अमेरिकेत क्लास ए म्हणजे बसएवढी, सी म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना असलेली मधली, आणि बी म्हणजे सगळ्यात छोटी व्हॅन, अक्षरं बघून बी मधली असेल असं धरू नका.

तिसरं: किलोमीटर, इथेच सगळे फसतात

इथे जरा थांबून वाचा, कारण मी इथेच पहिल्यांदा सपशेल चुकलो होतो. पहिल्या ट्रिपला आम्ही चौघं होतो. मी नकाशावर सगळे टप्पे मोजले, बेरीज आली ११५० किलोमीटर. भाड्यात जेवढे किलोमीटर धरलेले होते त्याच्या आतच बसत होतं, म्हणून निश्चिंत झालो. गाडी देणाऱ्याने अ‍ॅव्हरेज लिटरला ५ किलोमीटर सांगितलं होतं, म्हणजे २३० लिटर इंधन, तेही लिहून ठेवलं. परत करायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने खिडकीतून वाकून मीटर वाचला, हातातल्या मशीनमध्ये आकडा टाकला आणि माझ्यासमोर स्क्रीन धरली. १६४० किलोमीटर. वरच्या प्रत्येक किलोमीटरचा आकार वेगळा, आणि इंधन भरून झालं होतं साधारण ४३० लिटर, म्हणजे धरलं त्याच्या जवळजवळ दुप्पट. पैसे मुकाट्याने भरले, पण त्या रात्री सगळ्या पावत्या पसरून बसलो की हे ४९० किलोमीटर गेले कुठे.

जवळपास २३० किलोमीटर गेले होते गावात ये-जा करण्यात. कॅम्पग्राउंड, म्हणजे रात्री आरव्ही उभी करून राहायची जागा, शक्यतो गावाबाहेर असतं आणि हॉटेलसारखं चालत जाऊन काही बघता येत नाही, किल्ला बघायचा असो की तळं, अख्खं घर घेऊन जायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. १४० गेले वळसे घेण्यात. साध्या नकाशाला तुम्ही कारमध्ये आहात असंच वाटत असतं, त्याला तुमची उंची माहीत नसते, आणि कमी उंचीचे पूल, लांब गाड्यांना बंदी असलेले घाट, गॅसची टाकी असेल तर मनाई असलेले काही बोगदे हे सगळं ऐनवेळी पाटी दिसल्यावर कळतं. उरलेले १२० किरकोळ, म्हणजे विसरलेलं दूध, मोठ्या गाडीला वळता येईल असा पंप, सांडपाणी सोडायचं डंप स्टेशन.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. नकाशाच्या बेरजेला १.३ ने गुणायचं आणि ज्या ज्या दिवशी मुक्काम हलणार नाही त्या प्रत्येक दिवसाचे वर २५ किलोमीटर धरायचे. त्या ट्रिपला असे पाच दिवस होते, म्हणजे १४९५ अधिक १२५, आले १६२०. खऱ्या आकड्याच्या इतकं जवळ आलं की मी नंतर हा नियम कधी सोडला नाही. कुणी म्हणेल एवढं कशाला वाढवायचं, आम्ही जपून चालवू. जपून चालवल्याने किलोमीटर कमी होत नाहीत हो, मुक्काम कमी केल्यानेच होतात.

आता अ‍ॅव्हरेज. मधल्या आकाराच्या मोटरहोमला लिटरला साडेतीन ते पाच किलोमीटर धरा, छोट्या व्हॅनला सहा ते नऊ, आणि मोठ्या बसला तीनच्या आसपास. सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा आणि सरळ रस्त्याचा असतो. मला ३.८ मिळालं होतं कारण मी समोरून वारा असताना ११० च्या वेगाने रेटत होतो. एवढी चपटी उभी भिंत घेऊन जाताना हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ९० च्या जागी ११० ने गेलात तर रोध जवळपास दीडपट. तेव्हा हिशोबात कमी आकडा धरा आणि रस्त्यावर ९० च्या वर जाऊ नका, माझं तर ठाम मत आहे की आरव्हीत पैसे वाचवायचा याहून सोपा उपाय नाही. आणि नळ असलेल्या जागी चालला असाल तर पाण्याची टाकी काठोकाठ भरून नेऊ नका, १५० लिटर म्हणजे १५० किलो, दोन धडधाकट माणसं उगाच बरोबर घेतल्यासारखं.

हे सगळं मांडलं की कसं दिसतं बघा. देश आणि चलन कुठलंही असो, हॉटेलची एक खोली एका रात्रीला १०० एकक धरा, बाकीचे आकडे मी उदाहरणापुरते घेतलेत, तुम्ही तुमचे टाका. सात रात्री, चार माणसं, सगळं वाढवून धरून १२०० किलोमीटर. आरव्हीचं भाडं रात्रीला १५० म्हणजे १०५०, उभं राहायची जागा रात्रीला ३० म्हणजे २१०, एकदाचे आकार १२०, लिटरला ४ च्या अ‍ॅव्हरेजने ३०० लिटर आणि लिटर एका एककाला म्हणजे ३००, रोजचे १५० किलोमीटर भाड्यात धरलेले त्यामुळे वरचे १५० किलोमीटर ०.३ च्या दराने ४५. झाले १७२५. हॉटेलला एक खोली ७००, भाड्याची कार २८०, तिला १५ च्या अ‍ॅव्हरेजने ८० लिटर म्हणजे ८०, बाहेर जेवायचा जादा खर्च रोज ४० म्हणजे २८०. झाले १३४०. म्हणजे चौघं एका खोलीत मावत असाल तर हॉटेल चांगलंच स्वस्त. दोन खोल्या लागल्या की हॉटेल २०४० वर जातं आणि आरव्ही जिंकते. आता तीच सहल २४०० किलोमीटरची करा, राहणं तेवढंच. आरव्हीचं इंधन ६००, जादा किलोमीटरचे ४०५, एकूण २३८५. दोन खोल्यांचं हॉटेल २१२०. फक्त अंतर दुप्पट झालं आणि जिंकलेली आरव्ही हरली! म्हणूनच सांगतो, रोज नवं गाव असा प्लॅन असेल तर आरव्ही हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, एका जागी तीन-तीन रात्री राहणार असाल आणि माणसं जास्त असतील तरच तिच्याकडे बघा.

चौथं: रात्रीची जागा

वीज-पाणी-सांडपाणी तिन्ही जोडण्या असलेली जागा महाग, नुसती उभी राहायची जागा स्वस्त, आणि काही भागांत सरकारी जमिनीवर फुकटही राहता येतं, त्याला बूनडॉकिंग म्हणतात. आलटून पालटून घ्या, दोन रात्री बिनजोडणीच्या आणि तिसरी सगळ्या जोडण्यांची, त्याच दिवशी टाक्या रिकाम्या करायच्या आणि कपडे धुऊन घ्यायचे. फुकट रात्रीचा हिशोब करताना एक विसरू नका. छतावरच्या एसीला दीड किलोवॅटच्या आसपास वीज लागते, आरव्हीतल्या साध्या बॅटरीवर तो रात्रभर चालत नाही, मग जनरेटर लावावा लागतो, तो तासाला दीड-दोन लिटर पितो आणि कित्येक ठिकाणी त्याचे तासही वेगळे मोजले जातात. उन्हाळ्याच्या दिवसांत बाबांना उकडायला लागलं म्हणून आम्ही एका फुकट जागेत आठ तास जनरेटर चालवला, आणि ती रात्र जोडणीवाल्या जागेपेक्षा महाग पडली. बाबांना झोप लागली याचा मला आनंदच आहे, पण पुढच्या वेळेपासून गरमीत मी सरळ जोडणीची जागा घेतो.

पाचवं: जेवण

इथे लोक स्वतःलाच फसवतात. दिवसभर गाडी चालवून आल्यावर त्या दोन शेगड्यांवर तिन्ही वेळचा स्वयंपाक कुणी करत नाही, आणि केला तर तो एकाच माणसावर पडतो आणि त्याची सुट्टी तिथेच संपते. सकाळचा चहा-नाश्ता आणि एक जेवण एवढीच बचत धरा, आणि भांडी कोण घासणार ते घरून ठरवून निघा.

सहावं: डिपॉझिट आणि इन्शुरन्स

डिपॉझिट म्हणजे खर्च नव्हे, पण तेवढी रक्कम कित्येक दिवस अडकून राहते हे धरून ठेवा. अपघात झाला तर पहिला किती खर्च आपल्या अंगावर येतो ते लेखी विचारा, आणि छत आणि गाडीचं पोट इन्शुरन्समध्ये येतं का ते नावानिशी विचारा, कारण फांदी लागते ती छतालाच. घेताना मीटर, जनरेटरचा तासांचा मीटर, इंधनाचा काटा आणि चारी बाजूंचे फोटो काढा.

आपल्या तारखा आणि दिशा लवचिक असतील तर एकतर्फी परतीच्या गाड्या बघा. एका शहरात साचलेल्या गाड्या दुसरीकडे हलवायच्या असतात म्हणून कंपन्या त्या अगदी थोड्या भाड्यात देतात. दिवस मोजके मिळतात आणि वाट वाकडी करून चालत नाही, पण आरव्ही खरोखर हॉटेलच्या निम्म्यात पडलेली मी फक्त तिथेच पाहिली आहे.

विकतच घ्यायची असेल तर

कागद तोच, फक्त भाड्याच्या ओळीत पाच वर्षांत किंमत किती उतरेल ते लिहा, त्यात पाच वर्षांचा इन्शुरन्स, उभी करायची जागा, दुरुस्ती, आणि टायर मिळवा. टायर झिजले नाहीत तरी पाच-सात वर्षांत बदलावेच लागतात. आलेल्या आकड्याला पाच वर्षांत तुम्ही खरोखर किती रात्री आत झोपणार त्याने भागा. वर्षाला वीस रात्री आणि वर्षाला ऐंशी रात्री यात दर रात्रीचा खर्च चौपटीने बदलतो. रात्री मोजताना मागच्या वर्षी किती दिवस बाहेर होतात तो आकडा घ्या, पुढच्या वर्षी जाऊ म्हणताय तो नको. आणि नवी कोरी घेऊ नका, सगळ्यात मोठी घसरण पहिल्या वर्षातच होते. जुनी घेताना छताचे सांधे आणि कपाटांचे वरचे कोपरे बोटांनी दाबून बघा, लाकूड मऊ लागलं तर पाणी मुरलंय, सोडून द्या, किंमत कितीही पाडून दिली तरी.

ट्रिपहून आल्यावर त्याच कागदावर अंदाजाच्या शेजारी खरे आकडे लिहून ठेवा, पावत्या टाकून द्यायच्या आधी. माझ्याकडे असे कागद एका फाइलला लावलेले आहेत आणि १.३ चा नियम त्यातूनच आलाय, तुमच्या फिरण्याच्या पद्धतीला तो १.२ निघेल किंवा १.५.