'जिवंत'साठी इंग्रजीत कोणता शब्द: अलाइव्ह, लाइव्ह की लिव्हिंग?

'जिवंत मासा' म्हणा किंवा 'मासा जिवंत आहे' म्हणा, मराठीत शब्द बदलत नाही. इंग्रजीत मात्र जागा बदलली की शब्दही बदलतो आणि आपल्या चुका बहुधा तेथेच होतात.

प्रथम 'अलाइव्ह' पाहू. जुन्या इंग्रजीत 'जीव असलेल्या अवस्थेत' अशा अर्थाचे 'ऑन' आणि 'लाइफ' हे दोन शब्द एकत्र येत. त्यांतील 'ऑन' झिजून 'अ' उरला. 'अस्लीप' हा शब्दही असाच घडला आहे. मूळ रचनाच अवस्था सांगणारी असल्यामुळे हा शब्द नामाच्या आधी येत नाही, क्रियापदानंतर येतो. म्हणून 'द फिश इज अलाइव्ह' बरोबर आणि 'अ‍ॅन अलाइव्ह फिश' चूक. 'जिवंत गाडले' यासाठी 'बरीड अलाइव्ह' म्हणतात. 'अलाइव्ह टू द डेंजर' म्हणजे धोक्याची पुरेपूर जाणीव असलेला, तर 'अलाइव्ह विथ' म्हणजे एखाद्या गोष्टीने गजबजलेले.

नामाच्या आधी प्राण्यांसाठी 'लाइव्ह' वापरावा. बाजारात नांग्या सुतळीने बांधलेल्या, पण डोळे अजून हलत असलेल्या चिंबोऱ्या दिसतात. त्या 'लाइव्ह क्रॅब्स'. 'जिवंत काडतूस' आणि 'जिवंत तार' येथेही हाच शब्द चालतो, त्यामुळे तो आपल्याला परका वाटत नाही. थेट प्रक्षेपणाच्या अर्थी मात्र 'जिवंत' उपयोगाचा नाही, तेथे 'थेट' हाच शब्द घ्यावा. तार आणि प्रक्षेपण या अर्थांत 'लाइव्ह' क्रियापदानंतरही येतो: 'द वायर इज लाइव्ह', 'द मॅच इज लाइव्ह'. मासा जिवंत आहे हे सांगताना मात्र 'अलाइव्ह' हाच शब्द योग्य. उच्चाराचीही खबरदारी घ्यावी, कारण विशेषण 'लाइव्ह' आणि 'राहणे' या अर्थाचे क्रियापद 'लिव्ह' यांचे स्पेलिंग एकच आहे. 'लिव्ह-इन' हा शब्द क्रियापदावरून आल्यामुळे त्याला 'लाइव्ह-इन' म्हणू नये.

'लिव्हिंग' सर्वांत सोयीचा, कारण तो दोन्ही जागी चालतो. जीवशास्त्रातील 'सजीव' म्हणजे 'लिव्हिंग थिंग्ज', आणि वापरात असलेली भाषा म्हणजे 'लिव्हिंग लँग्वेज'. माणसांविषयी बोलताना याची खरी जोडी आपल्या 'हयात' या शब्दाशी जुळते. हयात असलेल्या थोर कवीला 'अ ग्रेट लिव्हिंग पोएट' म्हणावे. 'लाइव्ह पोएट' म्हटले, तर तो ध्वनिमुद्रणाऐवजी प्रत्यक्ष मंचावर येऊन कविता म्हणणार आहे, असे काहीसे वाटते.

एवढे करूनही हयातीच्या दाखल्यापाशी नियम अडखळतो, कारण इंग्रजीत तेथे विशेषणच नाही. तो 'लाइफ सर्टिफिकेट'. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्याला सर्रास 'लिव्हिंग सर्टिफिकेट' म्हटले जाते, वास्तविक तो 'सोडणे' या अर्थाचा, दीर्घ उच्चाराचा 'लीव्हिंग' आहे. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत गेलेल्या निवृत्तिवेतनधारकाने 'लिव्हिंग सर्टिफिकेट आणले आहे' असे सांगितले, तर खिडकीपलीकडच्या कारकुनाच्या डोळ्यांसमोर शाळेचा शिक्काच उभा राहील.